पुसलेल्या फाइलची सावली

१/ नेटवर्कवरील सामायिक फोल्डरमधून पुसलेली फाइल आपल्या संगणकाच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही. विंडोज सर्व्हरवर एकेकाळी ती परत मिळवण्यासाठी बहुधा बॅकअपच्या टेपचाच आधार असे.

२/ २००३ साली विंडोज सर्व्हर २००३ने ‘शॅडो कॉपी’ आणली. मूळ वेळापत्रकानुसार सोमवार ते शुक्रवार, सकाळी ७ आणि दुपारी १२ वाजता सर्व्हर डिस्कची तत्कालीन स्थिती नोंदवी. त्यानंतर जो भाग बदलेल, त्याचेच जुने रूप जपले जाई.

३/ त्यामुळे प्रशासकाची मनधरणी न करता सामान्य कर्मचारी स्वतःच जुनी आवृत्ती परत आणू शके.

४/ मात्र ६४ प्रतींनंतर सर्वांत जुनी प्रत गळून पडे. आणि मूळ डिस्कच निकामी झाली, तर सावलीही उरत नसे. म्हणूनच टेपची गरज संपली नाही.