गाडीमागे किती कार्बन? हिशेब घरच्या घरी

सोलापूर : 'पीयूसी' प्रमाणपत्र काचेमागे लावले की आपली मोटार पर्यावरणाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात या चाचणीत पेट्रोल गाडीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, तर डिझेल गाडीच्या धुराची घनता पाहिली जाते. हवामान बदलास कारणीभूत ठरणारा कार्बन डायऑक्साइड गाडी किलोमीटरमागे किती सोडते, हे त्या कागदावरून कळत नाही. ते जाणून घ्यायला यंत्राचीही गरज नाही. पेट्रोलपंपाची पावती पुरेशी आहे.

एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो, तर एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पाऊण किलोहूनही कमी वजनाच्या पेट्रोलमधून सव्वादोन किलो वायू कसा, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. इंधनातील कार्बनच्या प्रत्येक अणूला हवेतील ऑक्सिजनचे दोन अणू येऊन मिळतात आणि वजन वाढते ते त्यामुळे.

टाकी काठोकाठ भरून किलोमीटरचा आकडा टिपून ठेवावा. पुढच्या वेळी पुन्हा तितकीच भरताना किती लिटर लागले ते पाहावे. धावलेल्या किलोमीटरना लिटरने भागले की खरे ॲव्हरेज मिळते. कंपनीचा आकडा प्रयोगशाळेतील चाचणीचा असतो. सात रस्ता किंवा विजापूर वेस येथील गर्दीत तो सहसा मिळत नाही. गाडी लिटरला १६ किलोमीटर देत असेल, तर किलोमीटरमागे १४४ ग्रॅम उत्सर्जन होते. वर्षाला दहा हजार किलोमीटर धावल्यास ते सुमारे १,४४० किलो भरते. सोलापूर ते पुणे या अडीचशे किलोमीटरच्या एका फेरीचे सुमारे ३६ किलो होतात. गाडीत चौघे असतील तर माणशी नऊ. एकटाच असेल तर सगळे त्याच्याच नावावर. तुलनेसाठी, २०२२-२३ पासूनच्या टप्प्यात केंद्राने कंपन्यांच्या नव्या मोटारींसाठी ठरवलेली सरासरी किलोमीटरमागे सुमारे ११३ ग्रॅम आहे.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे हा हिशेब थोडा बदलतो. इथेनॉलच्या लिटरमागे दीड किलोच वायू निघतो; पण त्यात ऊर्जाही एक तृतीयांशाने कमी असल्याने ॲव्हरेज काहीसे घटते. खरा लाभ असा, की उसातील कार्बन हवेतूनच आलेला असतो. अर्थात उजनीचे पाणी आणि खते यांचा खर्च त्यात धरावा लागतो, हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको.

बचतीचे मार्ग साधे आहेत. टायरमधील हवा पंधरवड्याने तपासावी. महामार्गावर ताशी शंभरऐवजी ऐंशीचा वेग ठेवावा. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. रेल्वे फाटकावर इंजिन बंद करावे, कारण उभी गाडीही तासाला अर्धा ते एक लिटर इंधन पिते. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेल्यावर एसी बंद ठेवा, असे सांगणे व्यर्थच. मात्र आधी काचा उघडून आतील तापलेली हवा बाहेर जाऊ द्यावी. एसीचा गॅस गळत असेल तर दुरुस्ती टाळू नये. अनेक गाड्यांत वापरला जाणारा हा वायू वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक उष्णता अडवतो.

विजेच्या गाडीचे उत्सर्जन शून्य, हा दावाही अर्धाच खरा. शहराजवळचा एनटीपीसीचा १,३२० मेगावॉटचा प्रकल्प कोळशावर चालतो. देशातील विजेच्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. शंभर किलोमीटरला १५ युनिट धरल्यास किलोमीटरमागे १०५ ग्रॅम होतात. पेट्रोलच्या १४४ ग्रॅममध्ये तेलशुद्धीकरण आणि वाहतूक धरलेली नाही. तसेच या १०५ मध्ये बॅटरीच्या निर्मितीचा भार नाही. छतावरील सौरपॅनेलवर गाडी चार्ज केल्यास हा आकडा बराच खाली येतो. अडचण एवढीच, की भर दुपारी पॅनेल घरी असते आणि गाडी कार्यालयाबाहेर.