ब्रेकपॉइंट

ब्रेकपॉइंट किंवा विरामबिंदू म्हणजे आज्ञावलीतील असे ठिकाण, जेथे पोहोचताच डीबगर तिचे कार्य तात्पुरते थांबवतो. थांबलेल्या अवस्थेत चलांच्या किमती व पद्धतींच्या आवाहनांचा क्रम तपासता येतो आणि पुढे एकेक पायरी कार्य चालवता येते. ऑब्जेक्ट ओरिएंटेड आज्ञावलीत एकाच क्लासची पद्धत अनेक ऑब्जेक्टसाठी चालते. त्यामुळे कोणत्या ओळीवर थांबायचे याबरोबरच कोणत्या ऑब्जेक्टसाठी थांबायचे, हेही ठरवावे लागते.

इतिहास

या कल्पनेचे श्रेय एनिॲक संगणकाच्या आज्ञावलीकार बेटी होल्बर्टन यांना दिले जाते. एनिॲकमध्ये आज्ञांचा क्रम तारा जोडून ठरवला जाई. इष्ट ठिकाणची तार काढली की कार्य तेथेच थांबे. यावरूनच हे नाव पडले. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलेला जीडीबी हा आजही प्रचलित असलेला डीबगर आहे.

कार्यपद्धती

सॉफ्टवेअर ब्रेकपॉइंटमध्ये डीबगर मूळ यंत्रसूचनेच्या जागी थांबण्याची विशेष सूचना ठेवतो. हार्डवेअर ब्रेकपॉइंट प्रोसेसरच्या रजिस्टरांवर अवलंबून असल्याने त्यांची संख्या मर्यादित असते. एक्स८६ प्रोसेसरमध्ये एका वेळी असे चार पत्ते ठेवता येतात. एखाद्या चलाची किंमत बदलताच थांबवणाऱ्या बिंदूस वॉचपॉइंट म्हणतात.

ऑब्जेक्टशी संबंधित अडचणी

समजा, 'खाते' या क्लासमध्ये पैसे काढण्याची पद्धत आहे आणि हजारो खात्यांपैकी एकाचीच शिल्लक चुकते. साधा ब्रेकपॉइंट प्रत्येक खात्यासाठी थांबेल. अशा वेळी खाते क्रमांकाची अट घातल्यास फक्त संबंधित ऑब्जेक्टवर थांबता येते. मात्र अट दर वेळी तपासली जात असल्याने कार्य मंदावते. अटीत ऑब्जेक्टची स्थिती बदलणारी पद्धत वापरल्यास तपासणीच आज्ञावलीचे वर्तन बदलून टाकते.

वारशामुळे आणखी एक गफलत होते. 'बचत खाते' या उपक्लासने तीच पद्धत नव्याने लिहिली असेल आणि मूळ पद्धतीला आवाहन केले नसेल, तर मूळ क्लासमधील ब्रेकपॉइंटवर कार्य थांबत नाही. त्यावरून पैसे काढलेच गेले नाहीत असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. तसेच कन्स्ट्रक्टरमध्ये थांबल्यास काही क्षेत्रांना अद्याप किंमत मिळालेली नसते. ती रिकामी दिसणे हा दोष असेलच असे नाही.

व्यवस्थापन

ब्रेकपॉइंट काढून न टाकता निष्क्रिय करता येतो. त्यामुळे त्याची अट टिकून राहते. एकदाच थांबणारे तात्पुरते ब्रेकपॉइंट, ठरावीक वेळा दुर्लक्ष करण्याची सोय आणि अपवाद फेकला जाताच थांबण्याची सोय अनेक डीबगरांत असते. न थांबता फक्त नोंद करणाऱ्या बिंदूस लॉगपॉइंट म्हणतात. अनेक थ्रेड असलेल्या आज्ञावलीत थांबण्यामुळे घटनांचा क्रम बदलून मूळ दोष दिसेनासा होऊ शकतो. तेथे, तसेच वापरकर्त्यांना सेवा देत असलेल्या सर्व्हरवर, कार्य न अडवणारी नोंद अधिक योग्य ठरते.