रोबोट सैन्यासाठी गेमचे नियम कसे बनवायचे? टेबलटॉप वॉरगेम सोप्या भाषेत

मोबाईलवर युद्धाचे गेम तर आपण सगळेच खेळतो. पण टेबलावर छोटे सैनिक मांडून, फासे आणि फूटपट्टी घेऊन खेळतात तो गेम पाहिलाय का? त्याला टेबलटॉप वॉरगेम म्हणतात. इथे हिशोब प्रोसेसर करत नाही, खेळणारे स्वतः नियम वाचून करतात. म्हणजे नियम हाच कोड!

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गेल्या दिवाळीत जिंतूरला घरी आलो तेव्हा भाच्यासाठी असा एक गेम बनवला. पहिलं व्हर्जन सपशेल फसलं. का फसलं आणि दुरुस्त कसं केलं, ते आज पाहू.

माझी चूक काय झाली?

गोष्ट साधी होती. येलदरी धरणाच्या वीजकेंद्रावर रोबोट चाल करून येतात आणि माणसांची फौज ते राखते. रोबोट म्हणजे सोड्याच्या बाटल्यांची टोपणं, माणसं म्हणजे चिंचोके. दोन्हीकडे १०-१०. रोबोट घाबरत नाहीत, आणि पडलेल्या रोबोटसाठी फासा टाकून ४, ५ किंवा ६ आलं तर तो पुन्हा उठतो.

भाचा सलग तीन डाव हरला. मग म्हणाला, "मामा, हे मरतच नाहीत. मग मी खेळू कशाला?" आणि मोबाईल घेऊन बसला. बरोबरच होतं त्याचं.

गणित काय सांगतं?

४ किंवा जास्त येण्याची शक्यता निम्मी. म्हणजे एक रोबोट कायमचा संपवायला सरासरी २ वेळा पाडावा लागतो. मी १० समजत होतो, प्रत्यक्षात २० पाडायचे होते! फक्त ५ किंवा ६ वर उठू दिलं, तर शक्यता एक तृतीयांश होते आणि सरासरी १.५ वर येते.

मग १० रोबोटांसमोर १५ माणसं द्यायची का? नाही. जास्तीची माणसं नुसता मार खात नाहीत, गोळ्याही झाडतात. त्यामुळे संख्येचा फायदा दोनदा मिळतो. म्हणून टिकाव आणि मारा यांचा गुणाकार जुळवायचा. रोबोटांचा टिकाव १५, मारा १०, गुणाकार १५०. माणसं १२ घेतली तर १२ गुणिले १२ म्हणजे १४४. जवळपास बरोबरी! मी १२ पासूनच सुरुवात केली.

प्रसिद्ध गेम्सनी हे कसं सोडवलं?

• वॉरहॅमर ४०,०००: यात नेक्रॉन नावाचं धातूच्या शरीराचं सैन्य आहे. त्यांच्या २००२ च्या नियमपुस्तकात पडलेला नेक्रॉन ४ किंवा जास्त आल्यावर उठायचा. पण सैन्यातले नेक्रॉन २५ टक्क्यांच्या खाली गेले की उरलेले सगळे गायब आणि डाव हरला! समोरच्याला गाठता येईल असं एक लक्ष्य मिळायचं. २०११ च्या पुस्तकात ही अट गेली आणि उठायला साधारणपणे ५ किंवा जास्त लागू लागलं.

• ओगर (१९७७): स्टीव्ह जॅक्सन यांचा गेम. एका बाजूला एकच प्रचंड रोबोट रणगाडा, दुसऱ्या बाजूला अख्खी फौज. रणगाडा एका फटक्यात मरत नाही. त्याच्या तोफा आणि पट्टे एकेक करून निकामी करायचे. पट्टे तुटत गेले की वेग कमी होतो. रोबोट संपला नाही तरी आपण काहीतरी मिळवलं, हे दर टर्नला दिसतं.

• रोबोरॅली (१९९४): रिचर्ड गारफिल्ड यांचा हा शर्यतीचा गेम, पण शिकण्यासारखा. पाच चाली आधीच कार्डांनी ठरवायच्या, मग रोबोट त्या डोळे झाकून पाळतो. मूळ नियमांत जास्त नुकसान झालं की जुनी कार्डं अडकून बसायची आणि तीच चाल परत परत व्हायची.

माझे सुधारलेले नियम

तिन्हींमधून मी एक गोष्ट घेतली: रोबोट म्हणजे जास्त ताकदीचा माणूस नव्हे. तो निर्णयच वेगळ्या पद्धतीने घेतो.

१. ठरलेला क्रम: ६ इंचांत शत्रू दिसला तर सर्वांत जवळच्यावर गोळी. नाही दिसला तर सरळ वीजकेंद्राकडे. साधं इफ-एल्स!
२. रेंज: कमांड गाडीपासून ८ इंचांच्या बाहेर गेलेल्या रोबोटला नवा हुकूम मिळत नाही, तो शेवटचाच हुकूम पाळत राहतो. शेतात गेल्यावर आपल्या फोनची रेंज जाते, तसंच.
३. उठणं: फक्त ५ किंवा ६ वर, आणि तेही रेंजमध्ये असेल तरच.
४. भीती: निम्मी माणसं पडली की उरलेला प्रत्येक जण फासा टाकतो, १ आला तर पळतो. रोबोट कधीच पळत नाहीत.

आता भाच्याला युक्ती सापडली. एक चिंचोका आमिष म्हणून पुढे ठेवायचा, रोबोटांना त्याच्या मागे रेंजबाहेर न्यायचं आणि तिथे पाडायचं. पुढच्या सहा डावांत तो तीन जिंकला. परत निघालो तेव्हा त्याने टोपणांचा डबा स्वतःकडेच ठेवून घेतला.

तुम्हाला करून पाहायचंय?

फासा नसेल तर गूगलवर "रोल डाइस" शोधा, स्क्रीनवर फासा मिळेल. एका वेळी एकच आकडा बदला, किमान पाच-सहा डाव खेळा आणि निकाल वहीत लिहा. दोन आकडे एकदम बदलले तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. कोडमधला बग शोधतानाही हेच करतात.

आणि हरणाऱ्याला प्रत्येक वेळी विचारा, "तुला काही करता येण्यासारखं होतं का?" उत्तर "नाही" आलं, तर दोष त्याच्या खेळात नाही, तुमच्या नियमात आहे.