कॉट्सवोल्ड्स : गाव कुणाचं, घर कुणाचं?

ऑक्सफर्डच्या पश्चिमेला, मुख्यतः ग्लॉस्टरशायरमध्ये, टेकड्यांचा एक मुलूख आहे, कॉट्सवोल्ड्स. मधाच्या रंगाचा चुनखडी दगड, उतरती दगडी छपरं, गावातून वाहणारा ओढा. आज तिथल्या घराची किंमत तिथल्याच पगारावर जगणाऱ्या माणसाला झेपत नाही. लंडनच्या पैशाने हे अलीकडे बिघडवलं, असं सांगितलं जातं. आम्हांला ते अर्धंच खरं वाटतं.

आपल्या ओळखीच्या माणसापासून सुरुवात करू. वॉरन हेस्टिंग्ज. सालबाईचा तह (१७८२) झाला तेव्हाचा गव्हर्नर जनरल. त्याच्या घराण्याची डेल्सफर्डची इस्टेट तो जन्मण्याआधीच विकली गेली होती, आणि ती परत मिळवायची ही त्याची लहानपणापासूनची ईर्षा. हिंदुस्थानात कमावलेल्या पैशाने १७८८ साली त्याने ती घेतली. त्याच वर्षी पार्लमेंटात त्याच्यावर महाभियोगाचा खटला उभा राहिला. १७९५ मध्ये तो निर्दोष सुटला खरा, पण खर्चाने पार खंगला. इस्टेट मात्र सोडली नाही. १८१८ साली, पेशवाई बुडाली त्याच वर्षी, तो तिथंच वारला. (त्या वेळी हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल होता तो हेस्टिंग्ज निराळा, गल्लत नको.) जवळच सेझिंकोटला कंपनीच्याच पैशातून मोगली घुमटाचा वाडा उभा राहिला. म्हणजे बाहेर कमवायचं आणि इथं घर करायचं, ही चाल दोनशे वर्षांहून जुनी.

त्याआधीची श्रीमंती इथल्याच मेंढ्यांची. चिपिंग कॅम्पडेन, नॉर्थलीच इथली मोठाली चर्चेस लोकरीच्या व्यापाऱ्यांच्या पैशाने वाढली. बायबरी गावातली आर्लिंग्टन रो ही फोटोंत सतत दिसणारी घरांची ओळ मुळात चौदाव्या शतकातलं मठाचं लोकरीचं कोठार. सतराव्या शतकात त्याची विणकरांची घरं झाली. पुढे यॉर्कशायरच्या गिरण्यांपुढे इथलं कापड मागे पडलं, १८७० नंतर अमेरिकेच्या स्वस्त धान्याने शेतीही बसली. तरुण माणसं निघून गेली. जुनं पाडून नवं बांधायला पैसाच नव्हता, म्हणून जुनं उभं राहिलं! ज्या देखणेपणाला आज लाखो पौंड पडतात, ते गरिबीने राखलेलं आहे. विल्यम मॉरिसने १८७१ मध्ये याच मुलखाच्या कडेला केल्म्सकॉटचं घर भाड्याने घेतलं, आणि शहरातल्या सुशिक्षितांना या पडझडीत सौंदर्य दिसू लागलं.

मग कायदा आला. १९४७ च्या नगररचना कायद्याने परवानगीशिवाय बांधायचा हक्क जमीनमालकाकडे उरला नाही. १९६६ मध्ये हा प्रदेश निसर्गसौंदर्यासाठी संरक्षित ठरला. हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण बेंथॅमने मालमत्तेची व्याख्या अपेक्षेवर बेतली होती, ती इथं अगदी चपखल बसते. इथला गिऱ्हाईक दगडमातीचे पैसे देतो तसे समोरच्या कुरणात उद्या चाळीस घरं उठणार नाहीत, या खात्रीचेही देतो. आणि ती चाळीस घरं ज्यांना लागतात, ते गावाबाहेर राहतात.

१९८० च्या कायद्याने कौन्सिलची घरं भाडेकरूंना सवलतीत विकत मिळू लागली. अशा संरक्षित भागात पुनर्विक्रीवर अट घालायची सोय त्यात होती : घेणारा तीन वर्षं त्या परिसरात राहिलेला किंवा काम केलेला हवा. 'गावचा माणूस' कोण, याचं कायद्याने दिलेलं हे उत्तर. पण ते तेवढ्याच घरांपुरतं. दगडी बंगला कुणीही घ्यावा.

आज कॉट्सवोल्ड जिल्ह्यात चारांत साधारण एक जण पासष्टीच्या पुढचा आहे. निवृत्त होऊन आलेले, किंग्हमहून पॅडिंग्टनची गाडी पकडणारे, शनिवार-रविवारपुरते उगवणारे. ते जुनी छपरं शाकारतात, चर्चला देणग्या देतात, तेही नाकारू नये. पण त्यांची शुश्रूषा करणारे, पबमध्ये रांधणारे बरेच जण स्विंडन किंवा ग्लॉस्टरहून गाडी हाकत येतात. एप्रिल २०२५ पासून दुसऱ्या घरावर दुप्पट कौन्सिल टॅक्स लावायची मुभा कौन्सिलांना मिळाली आहे. असा कर भरणं ज्याला जड जाईल, तो मुळात असं घर घ्यायला येतच नाही.