शोनाऊच्या वाड्यावरचा पहारा

व्हिएन्ना शहराच्या दक्षिणेला शोनाऊ नावाचे एक लहानसे गाव आहे. त्या गावात एक जुना वाडा आहे. ऑस्ट्रिया म्हटले की आपल्याला राजवाडे आणि संगीत आठवते. पण वाचकहो, आज थोडा वेळ माझ्याबरोबर या वाड्याच्या फाटकाशी उभे राहा.

१९७० च्या सुमारास सोव्हिएत रशियातून हजारो ज्यू कुटुंबे इस्रायलला निघाली होती. त्यांची वाट ऑस्ट्रियातून जात असे. हा देश १९५५ पासून तटस्थ. वस्ती जेमतेम पंचाहत्तर लाखांची. ही माणसे आगगाडीने सरहद्द ओलांडीत, शोनाऊच्या वाड्यात मुक्काम करीत आणि मग विमानाने पुढे जात. थोडक्यात, तो वाडा म्हणजे वाटसरूंची धर्मशाळाच होती म्हणा ना!

१९७२ साली शेजारच्या म्युनिच शहरात, ऑलिंपिकच्या वेळी, अकरा इस्रायली खेळाडू व प्रशिक्षक मारले गेले. साऱ्या युरोपला धसका बसला. या ज्यू प्रवाशांच्या रक्षणासाठी ऑस्ट्रियाने १९७३ मध्ये जेंडार्मरीची, म्हणजे ग्रामीण भागातल्या सशस्त्र पोलिसांची, एक तुकडी उभी केली. पण त्याच वर्षी २८ सप्टेंबरला मारखेग या सरहद्दीवरच्या स्टेशनात दोन बंदूकधारी पॅलेस्टिनींनी गाडीतल्या काही ज्यू प्रवाशांना आणि एका ऑस्ट्रियन जकात अधिकाऱ्याला ओलीस धरले. शोनाऊची छावणी बंद करा, ही त्यांची मागणी.

चॅन्सलर ब्रूनो क्रायस्की यांनी ती मान्य केली. ते स्वतः ज्यू घराण्यात जन्मलेले. इस्रायलच्या पंतप्रधान गोल्डा मेयर व्हिएन्नाला धावून आल्या, पण क्रायस्की बधले नाहीत. त्यांना भित्रे म्हणणे सोपे आहे. मात्र ओलीस जिवंत सुटले, आणि प्रवाशांची वाटही बंद झाली नाही. फक्त मुक्काम दुसरीकडे हलला. तरीही बंदूक दाखवली की हे सरकार नमते, हे जगाने पाहिलेच.

दोनच वर्षांनी, २१ डिसेंबर १९७५ रोजी, कार्लोस नावाने गाजलेला दहशतवादी पाच साथीदारांसह व्हिएन्नातल्या ‘ओपेक’ या तेल-उत्पादक देशांच्या संघटनेच्या कचेरीत घुसला. तीन माणसे मारली गेली. त्यांत एक ऑस्ट्रियन पोलीस होता. मंत्र्यांना ओलीस धरून हल्लेखोरांनी विमान मागितले. सरकारने दिले. दुसरे करणार तरी काय? झुंज द्यायला शिकवलेली माणसे हाताशी नव्हती.

ती १९७८ मध्ये तयार झाली. जेंडार्मरीचे खास पथक स्थापन झाले आणि त्याला जागा मिळाली ती शोनाऊच्याच वाड्यात! दहशतीने रिकाम्या झालेल्या घरात दहशतीशी लढणारे राहायला आले. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘कोब्रा’ हे नाव दिले. ते एका अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या जर्मन नावातून आले. पुढे १९९२ मध्ये पथक वीनर नॉयश्टाट येथे हलले. २००२ मध्ये इतर खास तुकड्या त्यात मिळवून त्याचा विस्तार झाला.

या पथकाची एक कामगिरी मोठी बोलकी आहे. १७ ऑक्टोबर १९९६ रोजी त्याचे चार जवान काही कैद्यांना घेऊन टुपोलेव्ह विमानाने माल्टाहून नायजेरियातील लागोसला चालले होते. वाटेत एका माणसाने चाकूच्या धाकाने विमान वळवायचा प्रयत्न केला. जवानांनी त्याला आकाशातच जेरबंद केले आणि लागोसला उतरल्यावर अधिकाऱ्यांच्या ताब्यात दिले. एका अर्थाने हेही वाटसरूंचेच रक्षण नव्हे काय?

खास पोलीस पथक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बुरखे आणि बंदुका येतात. शोनाऊला गेलात तर आधी त्या वाड्यात टेकलेली थकलेली कुटुंबे आठवा. परक्याला दार उघडे ठेवायचे, तर त्या दाराशी कोणीतरी जागे राहावे लागते. लहानशा ऑस्ट्रियाला हे कळायला पाच वर्षे लागली, आणि मधल्या काळात तीन जीव गेले.