आराखडा छापला, पण खोका ठोकला कुणी?

इतिहासाच्या विद्यार्थ्याला सगळ्यांत सहज फसवणारं साधन कोणतं, असं विचारलंत तर मी 'कसं करावं' छापाचं पान असं उत्तर देईन. पाककृतींचं पुस्तक, शिवणकामाचा नमुना, सुतारकामाचा आराखडा. असं पान हाती लागलं की वाटतं, चला, त्या काळी लोक काय करायचे ते सापडलं. प्रत्यक्षात एवढंच सापडलेलं असतं की लोकांनी काय करावं हे कुणीतरी छापलं होतं. हा फरक नीट कळावा म्हणून आज एक किरकोळ वाटणारी वस्तू घेऊ: अमेरिकेतल्या लोकांनी घरच्या घरी ठोकून बनवलेला, मोटारीमागच्या ट्रॉलीवर बसवायचा, झोपण्यापुरता खोका.

आधी वस्तू बघा. आपल्याकडे ट्रॅक्टरमागे ट्रॉली असते, तशी अमेरिकेत साध्या मोटारीमागे जोडायची दोनचाकी ट्रॉली असते. तिला तिकडे युटिलिटी ट्रेलर म्हणतात. जळाऊ लाकूड, गवत, जुनं फर्निचर वाहायला ती वापरतात. तिच्यावर प्लायवूडचा बंद खोका बसवला, आत गादी टाकली, बाजूला दार आणि हवेला झरोका ठेवला की दोघांची रात्रीची सोय झाली. आजही हौशी लोक असे खोके बनवतात. काही जण प्लायवूडऐवजी फोमचे जाड तक्ते जोडून त्यावर कापड चिकटवतात आणि रंगाचे हात देतात. नेहमी आढळणारं माप म्हणजे ४ फूट रुंदी, ८ फूट लांबी आणि आत बसता येईल एवढी उंची. हे माप माणसाच्या देहावरून जेवढं आलंय, तेवढंच ते प्लायवूडच्या तक्त्यावरूनही आलंय. तक्ता ४ बाय ८ चा. एक खाली, एक वर, दोन बाजूंना दोन. कापाकापी कमी, नासाडी त्याहून कमी.

आता प्रश्न असा की असे खोके १९३० च्या दशकात एवढे का दिसू लागले? पाठ्यपुस्तकी उत्तर आहे 'महामंदी'. ते चूक नाही, पण आळशी आहे. मंदी तर त्याआधीही येऊन गेल्या होत्या. यावेळी वेगळं काय होतं? भंगारात मोटारी होत्या. १९२० च्या दशकात विकल्या गेलेल्या लाखो फोर्ड गाड्या आता मोडीत निघत होत्या, त्यामुळे आस आणि चाकं स्वस्तात मिळत. तीच गोष्ट लाकडाची. आधीच्या प्लायवूडचा सरस रक्त किंवा सोयाबीन अशा पदार्थांपासून बनायचा. ओल लागली की थर सुटायचे. १९३४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या ॲबरडीन इथे हार्बर प्लायवूड कंपनीत जेम्स नेविन या रसायनतज्ज्ञाने पाण्याला टिकणारा सरस तयार केला. पावसात उभं राहणारं प्लाय त्यानंतरचं. लाकडाच्या लगद्यापासून दाबून केलेला मॅसोनाइटचा तक्ता मात्र त्याआधीच बाजारात आला होता. आणि गाडी? १९२८ ते १९३१ दरम्यानच्या फोर्ड मॉडेल ए ला ४० अश्वशक्तीचं इंजिन होतं. तिच्यामागे घर ओढता येत नव्हतं, खोका ओढता येत होता. कारणं शोधताना आधी वस्तूच्या पोटात शिरा, मग अर्थव्यवस्थेकडे जा. उलट केलंत तर प्रत्येक गोष्टीचं उत्तर 'मंदी' हेच येईल.

आता साधनांकडे. पहिलं साधन अर्थातच मासिकं. एच. एच. विंडसरने १९०२ मध्ये सुरू केलेलं 'पॉप्युलर मेकॅनिक्स' यात सगळ्यांत सोयीचं, कारण त्याचे जुने अंक गूगल बुक्सवर पानन् पान बघता येतात. (आपल्याकडे नागपूरच्या 'उद्यम'चे अंक असेच बसल्या जागी बघता आले तर किती प्रबंध उभे राहतील!) ट्रेलरचे आराखडे त्यात पुष्कळ मिळतील. पण ते वाचून 'लोक ट्रेलर बनवत' असं वाक्य लिहू नका. 'मासिकं ट्रेलरचे आराखडे छापत' एवढंच लिहा, आणि पुढच्या पुराव्याच्या शोधाला लागा.

पुढचा पुरावा कसा असतो याचं एक मजेदार उदाहरण वॉली बायमचं आहे. एअरस्ट्रीम कंपनीचा हा संस्थापक. कंपनीच्या इतिहासात सांगतात ते असं: बायम मासिकं काढायचा, त्यातल्या एकात ट्रेलरचा आराखडा छापला, आणि वाचकांच्या तक्रारी आल्या. मग त्याने स्वतः बांधून पाहिला, आराखडाच कच्चा निघाला. त्याने तो सुधारला, जमीन दोन चाकांच्या मध्ये खाली घेतली, छत वर नेलं, नवे आराखडे विकले, आणि त्यातून १९३१ मध्ये कंपनी उभी राहिली. यात आपल्या कामाची गोष्ट कोणती? कंपनी नव्हे, तक्रारी. आराखडा चुकीचा आहे हे ज्याला कळलं, त्याने करवत हातात घेतली होती. छापील आराखड्याने जे सिद्ध होत नाही, ते वाचकाच्या वैतागाने होतं. फक्त एक खोच आहे: या तक्रारीसुद्धा आपल्यापर्यंत संस्थापकाच्या गौरवकथेतूनच पोचल्यात. तेव्हा ही कथा दिशा दाखवायला घ्या, पुरावा म्हणून टेकायला नको.

डेट्रॉइटच्या आर्थर शेरमनची गोष्ट याच वळणाची आहे. हा जिवाणुशास्त्रज्ञ. झटपट उघडतो म्हणून विकत घेतलेला तंबू-ट्रेलर भर पावसात उघडेना, तेव्हा त्याने १९२९ मध्ये स्वतः खोका बनवला. मुलांनी त्याला 'कव्हर्ड वॅगन' म्हणून चिडवलं. १९३० च्या जानेवारीत त्याने तो डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात मांडला आणि त्याच नावाची कंपनी काढली. काही वर्षांत ती देशातली सगळ्यांत मोठी ट्रेलर कंपनी झाली. दोन्ही कथांत घरी ठोकलेला खोका येतो तो प्रस्तावना म्हणून. खरा इतिहास कारखान्यापासून सुरू होतो. ज्यांनी एकच खोका बनवला आणि कंपनी काढली नाही, त्यांना या इतिहासात जागाच नाही. का? कारण कंपनीला दप्तर असतं, परसातल्या सुताराला नसतं.

पण परसातला सुतार कागदावर अजिबात नाही असंही नाही. जिथे कुणाला त्याचा त्रास झाला, तिथे तो सापडतो. १९३६ मध्ये मिशिगनमधल्या ऑर्चर्ड लेक या गावात तळ्याकाठी उभ्या असलेल्या एका ट्रेलरवरून खटला झाला. ट्रेलर हे राहण्याचं घर आहे असं ठरलं, आणि घर म्हटल्यावर गावाचा किमान क्षेत्रफळाचा नियम त्याला लागू झाला. म्हणजे गंमत बघा: त्याला 'घर' म्हटलं ते घर म्हणून मान द्यायला नव्हे, हलवायला. त्याच वर्षी फेब्रुवारीत लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखाने १३६ पोलीस कॅलिफोर्नियाच्या सीमेवर पाठवले होते, गरीब दिसणाऱ्यांना राज्यात शिरू न देण्यासाठी. ओक्लाहोमा-आर्कान्सासकडून दुष्काळ आणि कर्जाने उखडलेली कुटुंबं गाडीत, गाडीमागच्या ट्रॉलीत संसार भरून याच वाटेने येत होती. गरिबाला राज्यात आणणं हा गुन्हा ठरवणारा कॅलिफोर्नियाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला तो थेट १९४१ मध्ये.

इथे विषय जड होतो, आणि माझ्या मते इथेच तो संशोधनाच्या लायकीचा होतो. तोच लाकडी खोका एकाला सुटीची मौज होता आणि दुसऱ्याला शेवटचं छप्पर. १९४७ मध्ये 'पॉप्युलर मेकॅनिक्स'ने दोघांपुरत्या, थेंबाच्या आकाराच्या ट्रेलरचा आराखडा छापला. मागचं झाकण उचललं की स्वयंपाकाची सोय. मुलं, म्हातारी माणसं, शिवणयंत्र यांना त्यात जागा नाही. हा खोका पक्कं घर असलेल्याचा आहे. स्टीव्हन गेल्बरने हौशी सुतारकाम आणि मध्यमवर्गीय पुरुष यांच्यावर जे लिहिलंय ते इथे लागू पडतं. १९३६ च्या निर्वासिताला ते लावलंत तर अन्याय होईल. ॲलन वॉलिसचं 'व्हील इस्टेट' आणि वॉरन बेलास्कोचं 'अमेरिकन्स ऑन द रोड' ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचा. बेलास्को मोटारसहलीकडून या विषयाकडे येतो, वॉलिस घराच्या प्रश्नाकडून, आणि एकाच दशकाची दोन वेगळी चित्रं दिसतात.

मग निर्वासिताचा खोका बघायचा कुठे? फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशनच्या छायाचित्रांत. १९३५ पासूनचा हा सरकारी संग्रह. सुमारे पावणेदोन लाख कृष्णधवल निगेटिव्ह्ज लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहेत आणि बहुतेक घरबसल्या बघता येतात. डोरोथिया लँग, रसेल ली यांची छायाचित्रं आधी काढा. मात्र लक्षात ठेवा, प्रमुख रॉय स्ट्रायकर नापसंत निगेटिव्हला चक्क भोक पाडायचा, त्यामुळे निवड आधीच झालेली आहे. ती भोकं पडलेली चित्रंही संग्रहात आहेत. ती वगळू नका. चेहऱ्यांवरून नजर काढून खोक्यावर न्या. चाकं कुठल्या गाडीची वाटतात? तक्ते नवे की पेटाऱ्यांचे मोडून काढलेले? छताला डांबरी कागद आहे की ताडपत्री? धुराडं बाहेर आलंय का? सुटीवरच्या माणसाला दोन रात्रींसाठी चूल आत लागत नाही. आणि चाकांखाली बघा, विटा किंवा ठोकळे लावलेत का. लावले असतील तर त्या खोक्याचा प्रवास तिथेच थांबलाय, मग त्याखाली छायाचित्रकाराने 'ट्रेलर' लिहिलेलं असो की 'घर'.