श्वासाचा हिशेब

आमच्या अहेरीजवळून वाहणारी नदी ती प्राणहिता. वर्धा आणि वैनगंगा एकत्र आल्या की त्यांना हे नाव मिळते. तिच्या पाण्यात बुडी मारून कोण अधिक वेळ राहतो, अशी पोरांची पैज नेहमीचीच. एकदा वर्गात एकाने विचारले, "गुरुजी, बुडीच्या आधी भराभर वीस श्वास घेतले की जास्त टिकता येतं. प्राणवायू जास्त भरतो ना?" मी "हो" म्हणून मोकळा झालो.

तो "हो" पुढे मला फार बोचला. त्याला कारण झाले स्वामी कुवलयानंद. मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, जन्म 1883 चा. अमळनेरला शिक्षक होते, म्हणजे आमच्याच जातकुळीतले. 1924 साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम काढले आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. योगावर त्यांची नितांत श्रद्धा. पण श्रद्धेला त्यांनी मोजमापापासून सूट दिली नाही. नौलीच्या वेळी पोटात दाब किती उतरतो तो यंत्राने मोजला. प्राणायाम करणाऱ्याचा उच्छ्वास तपासून पाहिला. साध्या श्वसनाहून अधिक प्राणवायू शरीरात जातो असे काही आढळेना. तेव्हा तेही त्यांनी छापले! प्राणायामाचे मोल त्यांनी अन्यत्र शोधले. आपल्याच गादीविरुद्ध अशी साक्ष देणारा माणूस विरळा.

आणि ते खरेच आहे. आत घेतलेल्या हवेत प्राणवायू 21 टक्के, बाहेर सोडलेल्या हवेत सुमारे 16. निरोगी माणसाचे रक्त स्वस्थ बसल्यावेळीच प्राणवायूने जवळजवळ भरलेले असते. भरल्या घागरीत आणखी किती ओतणार? भराभर श्वासांनी बाहेर जातो तो कार्बन डायऑक्साइड. जीव गुदमरतो तो मुख्यतः हा वायू साठल्यामुळे. मेंदूच्या बुडाशी त्याची घंटा वाजते. तो आधीच काढून टाकला की घंटा उशिरा वाजते, तोवर प्राणवायू संपतो, आणि पाण्याखालीच शुद्ध हरपते. चांगले पोहणारेही असेच जातात.

दुसऱ्या दिवशी शाळा भरताच, हजेरी घेण्याआधी, मी हे सारे फळ्यावर मांडले. पोरे गप्प बसून ऐकत होती. शेवटी तोच पोरगा उठला.

"गुरुजी, मग काल तुम्ही हो का म्हणालात?"

"न मोजता बोललो," मी म्हटले, आणि हजेरीचे पुस्तक उघडले.